शेक सुरू असताना रक्ताचा कागद सांभाळा

मौद्यातून नागपूरला शेक, म्हणजे कर्करोगावरचे किरणोपचार, घ्यायला जाणारी माणसं दुपारच्या एसटीने परत येतात. त्यातली काही घरी जाण्याआधी माझ्या लॅबच्या पायरीवर टेकतात. बाही वर करतात, रक्त देतात आणि हमखास विचारतात, ‘‘भाऊ, पेशी टिकून राहाव्या म्हणून एखादं औषध नाही का?’’

मी डॉक्टर नाही, रक्त तपासणारा तंत्रज्ञ आहे. औषध सांगणं माझं काम नाही आणि मी ते सांगतही नाही. पण प्रश्न अगदी योग्य आहे. माझ्या थोरल्या वहिनीला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला, पंचवीस शेक ठरले, तेव्हा हाच प्रश्न मी नागपूरच्या डॉक्टरांना विचारला होता. त्यानंतर जे वाचलं, जाणकारांना विचारलं आणि माझ्या टेबलावरून गेलेल्या कागदांत जे पाहिलं, ते इथं मांडतो. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. किरणांपासून मज्जा वाचवायला किंवा सावरायला मदत करणारी औषधं जगात आहेत, पण ती दुकानात जाऊन मागायची नाहीत. ती द्यायची की नाही, केव्हा द्यायची, हे ज्यावरून ठरतं तो दर आठवड्याचा सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद सांभाळणं मात्र सर्वस्वी तुमच्या हातात आहे.

कणगीतलं बियाणं आणि बांधीतले पऱ्हे

हाडांच्या पोकळीत लालसर मऊ गर असतो, ती अस्थिमज्जा. रक्त तिथं तयार होतं. आपण धानपट्ट्यातली माणसं, म्हणून मी ते धानाच्या हिशेबात समजावतो. कणगीत राखून ठेवलेलं बियाणं म्हणजे मूळ पेशी, ज्यांना डॉक्टर स्टेम सेल म्हणतात. त्यातून बांधीत पऱ्हे टाकले जातात, म्हणजे भराभर वाढणाऱ्या, भराभर विभागणाऱ्या अर्धकच्च्या पेशी. आणि रोवणी होऊन उभं राहिलेलं पीक म्हणजे रक्तात फिरणाऱ्या तयार पेशी. निरोगी माणसाची मज्जा एका दिवसात सुमारे २० हजार कोटी लाल पेशी बनवते.

किरणांचा घाव सगळ्यात आधी पऱ्ह्यांवर बसतो, कारण जी पेशी विभागणीच्या घाईत असते तिचा डीएनए तुटला की तिला सावरायला वेळच मिळत नाही. बियाणं बहुतांशी झोपलेलं असतं, म्हणून त्यातलं बरंच तगून राहतं. उभ्या पिकाला लगेच काही होत नाही. ते आपलं आयुष्य जगतं, पण त्याच्या जागी नवीन येत नाही. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात, प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तात एक दिवससुद्धा नीट टिकत नाहीत. म्हणून शेक सुरू झाल्यावर आधी पांढऱ्या पेशी उतरतात, मग प्लेटलेट, आणि हिमोग्लोबिन हळूहळू. पहिल्या आठवड्यात कागद चांगला आला म्हणून ‘आपल्याला काही होत नाही’ असं समजणारे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घाबरून येतात. त्यांनी घाबरू नये. ती उतरण डॉक्टरांनी आधीच धरलेली असते.

शेक कुठं आहे यावर बरंच अवलंबून आहे. मोठ्या माणसात रक्त बनवणारी मज्जा कमरेची हाडं, पाठीचे मणके, फासळ्या, छातीचं हाड, कवटी आणि मांडीच्या हाडाचं वरचं टोक इथं असते, आणि त्यातली निम्म्याच्या आसपास कमरेत आणि पाठीच्या खालच्या मणक्यांत. म्हणून गर्भाशयमुखाच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगाचा शेक मज्जेला जास्त लागतो. जोडीला आठवड्याला सिस्प्लॅटिनची केमो असेल तर अजून लागतो. तंबाखूच्या खर्ऱ्याने झालेल्या तोंडाच्या कर्करोगात नुसता शेक असेल तर रक्त फारसं ढळत नाही, तिथं हाल तोंडाचे आणि लाळेचे होतात. आपला शेक नेमका कुठं आहे आणि त्यात किती हाड येतं, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

अनेकांना आणखी एक गोष्ट कोड्यात टाकते. पूर्ण शरीरावर एकदम ४ ग्रेच्या (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) आसपास मात्रा पडली आणि उपचार मिळाले नाहीत तर निम्मी माणसं दगावतात, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. मग वहिनीला पाच आठवड्यांत ४५ ते ५० ग्रे कसे काय देतात? उत्तर सोपं आहे. ती मात्रा ठरावीक जागेवर, रोज थोडीथोडी, शनिवार-रविवारची सुट्टी देऊन दिली जाते, आणि किरणांच्या वाटेत न आलेली मज्जा तेवढा काळ सगळ्या शरीराचा भार उचलते. शेकाबाहेर राहिलेली ती मज्जा हाच रुग्णाचा खरा आधार असतो.

म्हणूनच माझं ठाम मत झालंय की मज्जा वाचवण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय औषधाच्या आधी, शेकाची आखणी होते त्या टेबलावर असतो. शेक सुरू होण्यापूर्वी सीटी स्कॅन काढून कुठं किती किरण जातील ते आखतात. आयएमआरटीसारख्या पद्धतीत कमरेची हाडं वेगळी रेखून त्यांच्यावरची मात्रा कमी ठेवता येते. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल असो, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट असो की सरकारी मेडिकल कॉलेज, तुमचा शेक जिथं होणार असेल तिथल्या डॉक्टरांना आखणीच्या दिवशी सरळ विचारा, ‘‘हाडांतली मज्जा वाचवून आखणी करता येईल का?’’ प्रत्येकाला ते जमेलच असं नाही. गाठ कुठं आहे, यंत्र कोणतं आहे, यावर ते आहे. पण शेक संपल्यावर हा प्रश्न विचारून उपयोग नसतो.

औषधांची गोष्ट

किरण शरीरात शिरले की थेट डीएनए तोडतात, पण त्याहून जास्त नुकसान पाण्यातून होतं. शरीरात पाणीच जास्त. किरणांनी पाण्याचे कण फुटतात, त्यातून फार उग्र असे तुकडे तयार होतात आणि ते डीएनएवर तुटून पडतात. हे तुकडे वाटेतच पकडायचे, ही पहिल्या जातीच्या औषधांची कल्पना. दुसऱ्या महायुद्धानंतर अणुबॉम्बच्या धास्तीने अमेरिकेच्या लष्करी संशोधन संस्थेत, वॉल्टर रीडमध्ये, हजारो रसायनं तपासली गेली. त्यातून अमिफोस्टिन आलं. तिथं त्याचा क्रमांक डब्ल्यूआर-२७२१ होता. हे औषध मज्जेसह निरोगी पेशींना ढालीसारखं आड येतं, पण शिरेतून शेकाच्या थोडं आधीच द्यावं लागतं आणि त्याने रक्तदाब घसरतो, उलट्या होतात. कर्करोगात त्याला मान्यता मिळाली ती १९९५ मध्ये सिस्प्लॅटिनपासून किडनी वाचवायला आणि १९९९ मध्ये तोंडाच्या बाजूच्या शेकात लाळग्रंथी वाचवायला. मज्जेसाठी रोजच्या शेकात ते सरसकट देत नाहीत. कोणी ‘‘आमच्याकडं ते इंजेक्शन का देत नाहीत?’’ असं विचारलं तर हे कारण आहे.

याच वाटेवर आपल्या महाराष्ट्रात, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, मोठं काम झालंय. पानांतल्या हिरव्या रंगद्रव्यापासून क्लोरोफिलिन नावाचा, पाण्यात विरघळणारा पदार्थ बनतो. खाद्यरंग म्हणूनही तो वापरतात. तो उंदरांना दिल्यावर किरणांनी ढासळलेलं रक्त बनवण्याचं काम सावरतं आणि मज्जेतल्या मूळ पेशी जास्त कार्यक्षम होतात, असं तिथल्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलं. ते वाचून मला फार आनंद झाला होता, कारण महाग इंजेक्शनांच्या जगात तोंडाने घ्यायची, स्वस्त अशी गोष्ट कोणी शोधत होतं. पुढे टाटा मेमोरियल आणि त्यांच्या खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्राबरोबर काम होऊन ॲक्टोसाइट नावाची गोळी बाजारात आली. इथं नीट लक्ष द्या. ती अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवानगीने, पूरक आहार म्हणून विकली जाते, आणि तिचा मुख्य उपयोग सांगितलाय तो कमरेच्या शेकानंतर लघवीतून रक्त जाण्याच्या त्रासात. शेक चालू असताना माणसाच्या पांढऱ्या पेशी टिकवणारी गोळी म्हणून ती घेऊ नका. घ्यायचीच असेल तर शेक देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच. आणि पालक-मेथी खाऊन तेच होईल असंही नाही. भाजी जेवणासाठी खा.

दुसरी जात पेशींना झोपवणाऱ्या औषधांची. बियाणं झोपलेलं असतं म्हणून वाचतं, हे आपण पाहिलं. मग पऱ्ह्यांनाही काही तास झोपवून ठेवलं तर? ट्रायलासिक्लिब नावाचं इंजेक्शन असंच काम करतं. २०२१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, पण एका प्रकारच्या फुप्फुसाच्या कर्करोगात, केमोच्या माऱ्यापासून मज्जा वाचवण्यासाठी. शेकासाठी त्याला मान्यता नाही.

तिसरी जात आपल्याकडं खरोखर वापरली जाते. जी-सीएसएफ, म्हणजे फिल्ग्रास्टिम आणि जास्त दिवस टिकणारं पेग-फिल्ग्रास्टिम. लोक याला ‘पेशी वाढवायचं इंजेक्शन’ म्हणतात. ते भारतातच बनतं, म्हणून पूर्वीसारखं आवाक्याबाहेर राहिलेलं नाही. हे घाव अडवत नाही. घाव बसून गेल्यावर जे बियाणं वाचलंय त्याला पटापट उगवायला लावतं. अणुअपघातात मज्जेला मार बसला तर द्यायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये फिल्ग्रास्टिम आणि पेग-फिल्ग्रास्टिम, २०१८ मध्ये सारग्रामोस्टिम आणि २०२१ मध्ये प्लेटलेट वाढवणारं रोमिप्लोस्टिम मान्य केलं.

आता जी-सीएसएफच्या इंजेक्शनाबद्दल जपून. शेक आणि केमो बरोबर चालू असताना, त्यातही शेक छातीच्या मधल्या भागावर असेल तर, हे इंजेक्शन टाळावं अशी कर्करोगतज्ज्ञांची शिफारस आहे. उगवायला लावलेले पऱ्हे त्याच वेळी किरणांखाली आणि केमोखाली येतात, म्हणजे वाढवायचं आणि लगेच कापायचं. केमोच्या दिवसापासून किती अंतर ठेवायचं याचेही नियम आहेत. पेग-फिल्ग्रास्टिम तर पुढच्या केमोच्या आधी चौदा दिवस देत नाहीत. म्हणून ‘मागच्या वेळी शेजारच्या बाईला दिलं होतं, आम्हालाही लिहून द्या’ असा हट्ट धरू नका आणि गावातल्या दवाखान्यात स्वतःहून टोचून घेऊ नका.

विदर्भात यापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट आहे, ती म्हणजे सिकलसेल. आपल्या भागात तो घराघरांत आहे. सिकलसेलच्या रुग्णाला जी-सीएसएफ दिल्यावर जिवावर बेतणारं दुखणं उफाळल्याच्या नोंदी आहेत. इंजेक्शनाच्या माहितीपत्रकात तसा इशारा छापलेला असतो. रुग्ण असा किंवा वाहक, घरात भावाबहिणीला असेल तरी, फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि तोंडानेही सांगा. स्वतःची तपासणी कधी झाली नसेल तर शेक सुरू होण्याआधी करून घ्या.

डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं आणि ते मौद्यात येऊन टोचायचं असेल तर थंडी सांभाळा. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. बर्फाच्या थेट संपर्कात गोठलं तर वाया, आणि मे महिन्यात भंडारा रोडवर ४५ अंशांत पिशवीत राहिलं तरी वाया. थर्मासच्या डब्यात बर्फाची पिशवी, तिच्यावर कापडाची घडी आणि वर इंजेक्शन, असं न्या. टोचल्यावर कंबर, मांड्या, छातीचं हाड दुखतं. मज्जा कामाला लागल्याची ती खूण असते. दुखण्यावर गोळी घेण्याआधी थर्मामीटर लावा, कारण ताप असला तर गोळी तो झाकून टाकते.

कागद कसा वाचायचा

सीबीसी दर आठवड्याला, शक्यतो त्याच लॅबमध्ये, केमोच्या आदल्या दिवशी करा. एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी जुळवत बसलात तर उगाच जीव खाली-वर होतो. कागदावर एकूण पांढऱ्या पेशी आणि त्यातल्या न्यूट्रोफिलची टक्केवारी असते. दोन्हींचा गुणाकार करून शंभराने भागा. एकूण २४०० आणि न्यूट्रोफिल ५० टक्के, म्हणजे १२००. खरा आकडा हा. १५०० च्या खाली डॉक्टर लक्ष ठेवू लागतात, १००० च्या खाली सांभाळायचं, ५०० च्या खाली धोका. केमो पुढं ढकलायची की नाही हे प्रत्येक ठिकाणी थोडंथोडं वेगळ्या आकड्यावर ठरतं, ते तुमच्या डॉक्टरांवर सोडा.

प्लेटलेटचा आकडा अचानक फार खाली दिसला, पण हिरड्यांतून रक्त नाही, अंगावर लाल ठिपके नाहीत, तर आधी माझ्यासारख्या तंत्रज्ञाला काचेवर रक्त पसरून पाहायला सांगा. नळीतल्या रसायनामुळे काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गोळे होतात आणि यंत्र ते मोजत नाही. आकडा खोटा कमी येतो. मी हे अनेकदा पाहिलंय. आणि खरंच कमी असतील तर पार्श्वभागात इंजेक्शन घेऊ नका, स्नायूत रक्त साकळतं. दुखण्यासाठी ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनही स्वतःहून घेऊ नका.

याच्या उलट, खोटा वाढलेला आकडासुद्धा असतो. वहिनीला तिसऱ्या आठवड्यात अशक्तपणा आला म्हणून गावातल्या एका दवाखान्यात नेलं. तिथं तिला एक इंजेक्शन दिलं गेलं. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पेशी दुपटीने वाढलेल्या आल्या आणि घरात सगळे खूश. ते इंजेक्शन स्टेरॉइडचं होतं. स्टेरॉइडने रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेल्या पेशी मोकळ्या होऊन मोजणीत येतात. मज्जेतून नवीन काहीच आलेलं नसतं, वर तापही दबून जातो. नागपूरला तो कागद पाहून डॉक्टरांनी मला वेगळं घेऊन विचारलं की मधे काय टोचलं? मला उत्तर देता आलं नाही, कारण चिठ्ठीच नव्हती. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो: कुठंही काहीही टोचलं तर त्याचं नाव लिहून घ्या, रिकामी शिशी जपून ठेवा, आणि ती शेकाच्या डॉक्टरांना दाखवा.

पेशी वाढवायच्या त्याच नादात एका ओळखीच्या माणसाने ‘रक्तवर्धक’ म्हणून भुकटीचा डबा आणून दिला होता. त्यावर काय काय आहे ते लिहिलेलं नव्हतं. अशा गोष्टींवर मी आता फार कडक बोलतो. कारण समजून घ्या. किरण गाठीतही तसेच उग्र तुकडे तयार करून तिला मारतात. ते तुकडे शोषून घेणाऱ्या व्हिटॅमिनच्या मोठ्या गोळ्या खाल्ल्या तर गाठही वाचण्याची भीती असते. कॅनडात क्यूबेक प्रांतात डोकं-मानेच्या कर्करोगाच्या शेकाबरोबर व्हिटॅमिन ई देऊन पाहिलं होतं. मिळालेला निकाल धक्कादायक होता. शेक चालू असताना धूम्रपान करत राहिलेल्या आणि त्या गोळ्या घेणाऱ्या लोकांत कर्करोग परत येण्याचं प्रमाण वाढलं. तेव्हा शेकाच्या काळात बिडी बंद, खर्राही बंद, आणि व्हिटॅमिनचे डबे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडायचे नाहीत. गुळवेलीचंही तसंच. कोविडच्या काळात गुळवेल खाऊन यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी पाहिले आणि त्यावर लेख लिहिला. केमोने आधीच शिणलेल्या शरीरावर असा प्रयोग नको. डेंग्यूत पपईच्या पानांचा रस पितात म्हणून शेकातही पितात, पण ढासळलेली मज्जा त्याने उभी राहत नाही. लोहाच्या गोळीनेही नाही. लोह म्हणजे खत, आणि पऱ्हेच जळलेले असताना खत टाकून काय उगवणार? हिमोग्लोबिन खाली गेलं तर बहुधा रक्त चढवावं लागतं. त्यासाठी रक्तगट जुळणाऱ्या दोन-तीन नातेवाइकांशी आधीच बोलून ठेवा.

खायचं काय? अंडी, डाळ, दूध, ताजं गरम जेवण. पाणी उकळून. उघड्यावरचा रस आणि कापून ठेवलेली फळं नको. न्यूट्रोफिल १००० च्या खाली असताना रोवणीला चिखलात उतरू नका, गोठा साफ करू नका, ओल्या तणसाचा ढीग उपसू नका. तणसाच्या बुरशीचे कण फुप्फुसात जातात आणि अशा दिवसांत शरीर त्यांना अडवू शकत नाही. आपल्या बायका पाय उचलवत नसला तरी बांधीत जातात, म्हणून घरच्या पुरुषांना सांगतो, पेशी कमी असलेल्या दिवसांपुरतं तरी तिला थांबवा.

ताप आला तर काय करायचं, हे या लेखात सगळ्यात जास्त जपून वाचा. थर्मामीटर १००.४ दाखवतोय, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, आणि शेक-केमो चालू आहे, तर सकाळची वाट पाहायची नाही. गोळी देऊन झोपवायचं नाही. रात्र असली तरी गाडी काढायची आणि निघण्याआधी शेकाच्या दवाखान्यात फोन करायचा. मौदा ते नागपूर ३५-४० किलोमीटर आहे, आणि अशा तापात प्रतिजैविक पहिल्या तासात मिळावं असं डॉक्टर मानतात. रुग्ण काळानिळा पडला, बडबड करू लागला किंवा थंडी वाजून हुडहुडी भरली तर लांबच्या मोठ्या दवाखान्याच्या हट्टात न अडकता जवळच्या दवाखान्यात आधी शिरेतून औषध सुरू करून घ्या. वहिनीला चौथ्या आठवड्यात रात्री साडेअकराला १०१ ताप आला. भावाच्या मित्राची पिकअप घेऊन आम्ही निघालो. न्यूट्रोफिल ३०० निघाल्या. ती वाचली, कारण आम्ही निघालो.

आणि रक्त कमी झालं म्हणून शेक स्वतःहून बंद करू नका. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरचा शेक आणि आतला शेक मिळून सगळं आठ आठवड्यांत संपावं असा प्रयत्न असतो. लांबलं तर गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता घटते. बहुतेक वेळा केमो थांबवून शेक चालू ठेवतात. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र अंगीकृत दवाखान्यात बसतात, त्यांच्याकडं पहिल्या दिवशीच राशनकार्ड आणि आधार घेऊन जा. एसटीत कर्करोगाच्या रुग्णाला भाड्यात सवलत आहे, त्याचं प्रमाणपत्र दवाखान्यातून मिळतं. पैसे नाहीत म्हणून मधेच शेक सोडलेली माणसं माझ्या पायरीवर येऊन बसली आहेत, म्हणून हे सांगतो.

ज्यांना शेक नाही, पण किरणांजवळ काम आहे

आपल्या गावाजवळ एनटीपीसीचा २३२० मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे. लोक मला विचारतात, तिथून किरणं येतात का? तो कोळशावर चालतो, अणुप्रकल्प नाही. पण कुठल्याही औष्णिक वीजकेंद्रात किंवा मोठ्या कारखान्यात बॉयलरच्या नळ्यांचे जोड तपासायला इरिडियम-१९२ नावाचा किरणोत्सारी स्रोत आणतात. काम बहुधा रात्री, भोवती दोरी बांधून, लाल फलक लावून होतं. ठेकेदारीवर जाणाऱ्या पोरांनो, ती दोरी ओलांडू नका. अंतर दुप्पट झालं की मात्रा चौथाई होते, एवढं एक गणित लक्षात ठेवलं तरी पुरे. स्रोताजवळ काम असेल तर छातीवर किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बिल्ला हवाच. सामान्य माणसासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे, किरणोत्सारी काम करणाऱ्यांना कोणत्याही वर्षी ३० मिलिसिव्हर्टच्या वर जाता येत नाही.

जमिनीवर पडलेला चकचकीत धातूचा तुकडा, जड डबी, तीन पात्यांचं चिन्ह असलेलं भंगार उचलू नका, खिशात घालू नका. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून भंगारात गेलेल्या कोबाल्ट-६० ने अनेक जण भाजले, एका माणसाचा जीव गेला. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात सोडून दिलेल्या शेकाच्या यंत्रातलं सिझियम लोकांनी घरोघरी वाटून घेतलं. तिथं चार जण मेले, आणि मज्जा सावरायला जीएम-सीएसएफ हे औषध अपघातात पहिल्यांदा वापरलं गेलं. संशय आला तर दूर व्हा, इतरांना दूर करा, किती वाजता, किती वेळ, किती अंतरावर होतात ते लिहा, आणि पोलिसांना कळवा. उलटी सुरू झाली तर ती किती वाजता, तेही लिहा. रक्त त्याच दिवशी द्या आणि पुढचे दोन दिवस काही-काही तासांनी देत राहा. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी किती वेगाने उतरतात यावरून डॉक्टर मात्रेचा अंदाज बांधतात, आणि मज्जेला उठवणारी इंजेक्शनं पहिल्याच दिवसात सुरू झाली तर जास्त उपयोगी पडतात. घरात आयोडीनची गोळी ठेवून भागणार नाही. ती फक्त थायरॉइड वाचवते, तेही किरणोत्सारी आयोडीन पसरलं असेल तर. मज्जेचा आणि तिचा काही संबंध नाही.

वहिनीचा शेक संपल्यावर तिच्या पांढऱ्या पेशी महिना-दीड महिन्यात बऱ्यापैकी वर आल्या. पण कमरेच्या ज्या हाडांवर पूर्ण मात्रा पडली तिथली मज्जा पुष्कळदा चरबीत बदलते आणि पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. पुढं कधी दुसरा आजार झाला, ऑपरेशन निघालं, केमो द्यायची वेळ आली, तर त्या डॉक्टरला हे माहीत असणं गरजेचं आहे. म्हणून शेक संपताना जो कागद देतात, कुठं, किती ग्रे, किती दिवस, तो मागून घ्या. त्याच्या तीन प्रती ठेवा, एक दवाखान्याच्या फाइलमध्ये, एक कपाटात, एक मुलाच्या मोबाइलमध्ये फोटो काढून. वहिनीचा कागद आम्ही प्लास्टिकमध्ये घालून धानाच्या बियाण्याच्या डब्यात ठेवला आहे. घराला पूर आला, आग लागली तरी तो डबा आमच्या घरात सगळ्यात आधी बाहेर काढला जातो.